बिनडागाची खरपुडी

इलाही शिकलगारांनी कोडोलीत दुसरं घर केलंय, ही बातमी कोल्हापुरात गंगावेशीजवळच्या गल्लीत पहिल्यांदा अंबूबाईंनी आणली. एवढी जड बातमी एकटीनं कुठवर वाहायची, म्हणून त्यांनी ती प्रत्येक दारात थोडी थोडी उतरवत आणली. पुरावा भक्कम होता. श्रावण सरत आला की हा पन्नाशीला टेकलेला फोटोग्राफर दर रविवारी दुकानाला कुलूप लावून पन्हाळ्याच्या एस.टी.त बसतो. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात चामड्याची पिशवी. त्या पिशवीत काय असतं ते अंबूबाईंच्या भाच्यानं, कृष्णातनं, शेजारच्या सीटवर बसून बघितलं होतं. एक कंगवा. एक हातआरसा. पाणी मारायचा फवारा. काळ्या मखमलीचं कापड. आणि पावडरीचा डबा.

आता बायको घरात असताना माणूस आरसा आणि पावडर घेऊन डोंगराकडे कशाला जाईल? गल्लीला कोडी सोडवायला आवडायचं, आणि उत्तर आधी ठरलेलं असलं की जास्तच आवडायचं. कोडोलीच्या त्या बाईला गल्लीनं पहिल्या आठवड्यात गोरा रंग दिला, दुसऱ्या आठवड्यात थोडी उसाची जमीन दिली, आणि गौरी-गणपती येईपर्यंत तिला दिवसही गेले. अप्पा पेंटर तर तिला बघून आले होते. लांबून बघितली, पण बघितली.

शेवटी इतक्या कष्टानं उभ्या केलेल्या दुःखाचं सांत्वन करायला अंबूबाई स्वतःच नजीराबींकडे गेल्या. नजीराबी इलाहीभाईंच्या बायको. मागच्या खोलीत त्या धुतलेले फोटो दोरीला लावत होत्या, तोंडात चिमटे होते.

"नजीरा, तू मनाला लावून घेऊ नगंस," अंबूबाई म्हणाल्या. "पुरुषाची जातच तसली. आमचं हे काय कमी होतं व्हय?"

नजीराबींनी एकेक करून सगळे चिमटे तोंडातनं काढले.

"कोडोलीत न्हाय हो मावशी," त्या म्हणाल्या. "मसाईच्या पठारावर हाय. आणि एक न्हाय, हजार हायत. त्यांच्यासमोर दिवसभर पोटावर पडून असतात. बघा की, शर्टाला चिखल कसा लागलाय. धुवाय मलाच लागतंय."

"हजार?"

"फुलं हो. रानातली. फोटो काढतात त्यांचे."

गल्लीची घोर निराशा झाली. दुसरी बायको समजण्यासारखी होती. पण नवरा-बायको-पोरं-सासू अशी रांग लावून फोटो काढून घ्यायला गिऱ्हाईक दारात उभं असताना डोंगरावर जाऊन गवताचे फोटो काढणं, हे कुणालाच पटेना. काही दिवस गल्लीनं फुलांवर विश्वासच ठेवला नाही. मग नाइलाजानं ठेवला आणि 'डोक्यात काहीतरी झालंय' या दुसऱ्या बातमीला लागली.

पिशवीतल्या सामानाचा खुलासा मात्र इलाहीभाई कुणी विचारलं की अगदी तपशिलात द्यायचे. कंगवा कशाला, तर फुलाभोवतीचं गवत मागे विंचरायला. आरसा कशाला, तर सावलीत बसलेल्या फुलाच्या तोंडावर उजेड टाकायला. फवारा, ऊन चढल्यावर दव दिसावं म्हणून. मखमल, मागे पडदा हवा म्हणून. आणि पावडर? पावडर मानेला. उन्हात उपडं पडून घामोळं उठायचं. स्टुडिओत नवरीला बसवायची जेवढी तयारी, तेवढीच तयारी ते तेरड्याला बसवायला करत. तेरडा हलला तर त्याला "जरा मान वर" असंही म्हणत, हे कृष्णातनं पुढं एकदा पाळतीवर जाऊन ऐकलं.

हे सगळं सत्तर सालच्या आसपासचं. तेव्हा 'चमन फोटो स्टुडिओ' गंगावेशीच्या उताराला होता. चमन म्हणजे इलाहीभाईंचे वडील. घराणं मूळचं धार लावणाऱ्यांचं. कोयते-कात्र्या सोडून पहिल्यांदा कॅमेरा हातात घेतला तो चमनभाईंनी. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण पाटीवर ते होते, उधारीवर फोटो मागणाऱ्यांच्या तोंडात ते होते, आणि इलाहीभाईंच्या आधी तर ते असायचेच. पन्नास वर्षांचा, डोक्यावर केस मोजावेत इतके उरलेला माणूस, पण गल्लीत विचारा, "इलाही कोण?" तर उत्तर यायचं, "चमनचा पोरगा की." पत्रिकेवर 'चमन यांचे', पंगतीला 'चमनच्या घरचं पान'. स्वतःचं नाव असं त्यांच्या वाट्याला फक्त रेशनकार्डावर आलं होतं, आणि तिथंही ते कारकुनानं चुकवलं होतं.

माणूस मात्र साधा नव्हता. कोल्हापुरात फोटो काढणारे पुष्कळ होते. फोटो दुरुस्त करणारा इलाहीच. लग्नाची मुलगी दाखवायचा फोटो असला की लोक लांबलांबून इथं यायचे. काच तिरकी बसवलेलं एक लाकडी डेस्क खिडकीशी होतं. काचेवर निगेटिव्ह ठेवायची, खालच्या आरशानं खिडकीचा उजेड वर टाकायचा, डोळ्याला भिंग लावायचं आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं निगेटिव्हवर बारीक बारीक ठिपके भरत बसायचं. निगेटिव्हवर पेन्सिल लागली की फोटोत तेवढा भाग उजळ येतो. अशा रीतीनं इलाहीभाईंनी या शहरातले देवीचे व्रण सरकारी डॉक्टरांच्या आधी नाहीसे केले. मुरूम गेले, डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली, वरच्या ओठावरची लव गेली. कुणाचं नाक फार बसकं असलं तर ते म्हणायचे, "एवढं देवाकडनं करून घ्या," पण बाकीचं सगळं व्हायचं.

एकदा कबनूरचे मागवाले, चांगले चार माग असलेले, फोटोवरनं लग्न ठरवलेले, मुलगी बघून आले आणि तडक स्टुडिओत शिरले. हातात फोटो.

"ह्यातली पोरगी कुठं हाय?"

"तीच की पावणं," इलाहीभाई शांतपणे म्हणाले. "उजेड बदललाय फक्त."

लग्न झालं. सुखाचं झालं. हनिमूनचा फोटोही जोडप्यानं इथंच काढला, आणि तोही दुरुस्त करून घेतला.

तर असा हा माणूस फुलांकडे कसा गेला? गेला कसला, नेला गेला. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे गणपतराव इंगळे पन्हाळ्याच्या आसपासच्या रानफुलांवर पुस्तक लिहीत होते. रानफुलं डोंगरावर, आणि गणपतरावांचा गुडघा गगनबावड्याच्या घाटात एका दगडावरून घसरून कायमचा रुसलेला. त्यांना हवा होता असा माणूस, ज्याला कॅमेरा येतो, चढता येतं आणि मोबदला विचारायचं सुचत नाही. शास्त्राला लागणाऱ्या या तिन्ही गोष्टी इलाहीभाईंत होत्या.

व्यवस्था अशी ठरली. इलाहीभाईंनी जायचं, फोटो काढायचा आणि त्याच झाडाची एक कांडी वर्तमानपत्रात दाबून आणायची. गणपतराव मग भिंग लावून पाकळ्या, पुंकेसर, देठ सगळं बघत, जाड पुस्तकं चाळत आणि नाव शोधत. इलाहीभाई शेजारी बसून चहा पीत आणि आपल्या पद्धतीनं मदत करत. त्यांची पद्धत तोंडवळ्याची होती. इतकी वर्षं लोकांच्या घरचे चेहरे बघितलेले, त्यामुळं फूल दिसलं की ते घराणं काढायला बसत.

"सर, हे मागच्या रविवारच्या निळ्याचं धाकटं भावंड वाटतं. हनुवटी बघा की."

"शिकलगार, फुलाला हनुवटी नसते."

"मग हे खाली आलंय ते काय?"

कधी बरोबर यायचं. बहुतेकदा यायचं नाही. एकदा त्यांनी दगडावरचं शेवाळ आणि झाडावर फुलणारी आमरी यांना सख्ख्या बहिणी ठरवलं होतं, तेव्हा गणपतराव इतके हसले की गुडघा दुखला. पण जोडी जमली. तीन पावसाळे इलाहीभाई डोंगर चढले. त्यांना फुलांची लॅटिन नावं पाठ झाली आणि ती ते गिऱ्हाइकांसमोर टाकू लागले. समोरच्या सलूनवाल्याला बरेच दिवस वाटत होतं की हे कुठल्यातरी नव्या औषधाचं नाव आहे.

तिसऱ्या पावसाळ्यात त्यांनी खरपुडी आणली. धनगरांची पोरं जिचा कंद उकरून खातात ती. फूल मात्र खाण्यासारखं नाही, बघण्यासारखं: बारक्या कंदिलासारखं, खाली फुगीर, वर पाच पाकळ्या टोकाशी जुळवून बंद. इलाहीभाई तिच्यासमोर दुपारपर्यंत पडून होते. फोटो असा आला की गणपतरावांनी तो हातात घेतला आणि चहा तसाच ठेवला.

"शिकलगार," ते म्हणाले. आवाज जरा निराळा होता. "हिच्या अंगावर डाग नाहीत."

"न्हाईत," इलाहीभाई अभिमानानं म्हणाले. आपल्या हातच्या फोटोला डाग नाहीत हे कुणीही म्हटलं की ते असंच म्हणत.

"अहो, या जातीच्या कंदिलावर जांभळे ठिपके असतात. पुस्तकात तसं लिहिलंय, पूर्वीच्या सगळ्या चित्रांत आहेत. ही नितळ आहे. पूर्ण नितळ."

वर्तमानपत्रात दाबलेली कांडी काढली. ती तपकिरी पडली होती; तिच्यावर ठिपके होते की नव्हते हे तिलाही सांगता आलं नसतं. गणपतरावांनी पुस्तकं उलटी केली, सुलटी केली, मुंबईहून आणखी मागवली. शेवटी एका संध्याकाळी ते म्हणाले की ही बहुधा शास्त्राला माहीत नसलेली जात आहे, आणि तसं ठरलं तर नाव द्यायचा मान आपला. जो शोधतो त्याच्या नावावरून देता येतं.

"म्हणजे माझं?"

"तुमचं. लॅटिन शेपूट लावून. पण मूळ शब्द इलाही."

इलाहीभाईंनी तो शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून बघितला.

"त्यात चमन कुठं येणार न्हाय?"

"चमन कशाला येईल?"

"न्हाय, विचारलं आपलं."

त्या दिवशी घरी जाताना इलाहीभाईंनी स्टुडिओच्या पाटीकडे थांबून बघितलं. मग ते अप्पा पेंटरांकडे गेले आणि नव्या पाटीचं माप द्यायला लागले. फूल जाहीर झालं की पाटी बदलायची: 'इलाही फोटो स्टुडिओ'. अप्पांनी, ज्यांनी कोडोलीची बाई लांबून बघितली होती, हे गुपित सांभाळायचं वचन दिलं आणि ते संध्याकाळपर्यंत सांभाळलं.

गल्ली एका रात्रीत वनस्पतिशास्त्रज्ञ झाली. डोक्यात काहीतरी झालंय असं म्हणणारे आता म्हणू लागले, "आम्हाला पहिल्यापासनं माहीत होतं, त्याच्या डोक्यात काहीतरी हाय." अंबूबाई तर सांगत सुटल्या की पन्हाळ्याला जायची कल्पनाच त्यांची. तालमीचे आण्णा, ज्यांच्या मिशीला विचारल्याशिवाय गल्लीत मांडव पडत नसे, त्यांनी जाहीर सत्काराचा बेत केला. शाल, श्रीफळ, फेटा, हलगी, कर्णा. फूल नक्की कोणतं, याची कुणाला गरज वाटली नाही. आपल्या गल्लीचं नाव जगात होणार एवढं पुरे होतं.

एकच अडचण होती. गणपतराव म्हणाले, नुसत्या एका फोटोवर कसं भागेल? पुढच्या पावसाळ्यात तीच नितळ खरपुडी पुन्हा मिळवा, फूल स्पिरिटच्या बाटलीत घालून आणा. मग लेख पाठवू.

पुढच्या भाद्रपदात इलाहीभाई पठारावर गेले. दगडाच्या ज्या कपारीशी आदल्या वर्षी फोटो काढला होता, तिथं खरपुडी होतीच. कंदील तोच, डौल तोच. पण अंगभर जांभळे ठिपके. इलाहीभाईंनी तोंड वाकडं केलं आणि पुढं गेले. पुढची, तिच्याही अंगावर ठिपके. तिसरीवर तर इतके की पठारावर देवीची साथ आल्यासारखं वाटावं. रविवारमागून रविवार गेले. कपारी संपल्या, ओढे संपले, बुरुजाएवढ्या दगडांच्या पाठी संपल्या. प्रत्येक फुलापाशी हा माणूस गुडघ्यावर बसायचा, भिंग लावायचा आणि मान हलवत उठायचा, वधूपरीक्षेला गेलेल्या खवट काकासारखा.

एका म्हाताऱ्या धनगरानं शेवटी न राहवून विचारलं.

"पावणं, काय हरवलं व्हय?"

"खरपुडी शोधतोय."

"ही काय पायाशी हाय की."

"ही नको. बिनडागाची पाहिजे."

धनगरानं इलाहीभाईंकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "तसली नसती," तो म्हणाला. "डाग न्हाईत तर मग ती खरपुडी कशी म्हणायची?" आणि मेंढरं घेऊन पुढं गेला. इलाहीभाईंनी मनात त्याला अडाणी ठरवलं. त्याच्याकडे कुठं जाड पुस्तकं होती.

घरी आले तेव्हा दुपार होती. नजीराबींनी भाकरी वाढली आणि चेहरा बघितला. भाकरी अर्धी राहिली तेव्हा बोलल्या.

"अजी, ती गेल्या वर्षीची निगेटिव्ह कुठं ठेवलाय?"

"पाकिटात. कशाला?"

त्यांनी पाकीट आणलं, निगेटिव्ह बाहेर काढली आणि खिडकीशी धरली. सरळ नाही, तिरकी. सरळ धरली की चित्र दिसतं. तिरकी धरली की त्याच्यावर काय फिरवलंय ते दिसतं. फुलाच्या अंगावर ठिकठिकाणी शिशाची चमक होती. बारीक, सारखी, कुठं जोर नाही, कुठं घाई नाही. असलं काम कोल्हापुरात एकच हात करत होता.

"मी कधी केलं हे?" इलाहीभाई म्हणाले.

"तुम्हाला काय आठवणार. रेडिओ लावलेला असतो, हात चाललेला असतो. आधी त्या कसबा बावड्याच्या पोरीचे मुरूम काढला होता, मग ही पुढं घेतली. मी बघत होते. मला वाटलं, फुलाचे पण काढतात."

इलाहीभाईंनी निगेटिव्ह हातात घेतली, सरळ धरली, तिरकी धरली, पुन्हा सरळ धरली. आपण भाद्रपदभर डोंगर पालथा घालून आपलीच पेन्सिल शोधत होतो, हे त्यांच्या लक्षात यायला तेवढा वेळ लागला.

आता खरी गंमत अशी की हे कुणालाही कळायचं काही कारण नव्हतं. नजीराबी बोलणाऱ्या नव्हत्या. गणपतरावांचा गुडघा पठारावर जाणार नव्हता. इलाहीभाई आण्णांकडे सत्कार पुढं ढकला म्हणून सांगायला गेले, काय झालं ते तोंडातनं सुटलं, तर आण्णांनी मिशीवरून हात फिरवत तोडगाही दिला.

"लेका, सांग की गुरांनी खाल्ली. डोंगरावर गुरं न्हाईत व्हय? कोण बघाय चाललंय?"

"आण्णा, फूलच न्हाय तसलं."

"नसंना. फोटो हाय नव्हं? हलगीवाल्यांना सांगून झालंय. फेटा तर रंगवाय दिलाय. आता मागं काय हटतोस?"

"आणि उद्या कुणी पकडलं तर?"

"त्यापायी काय कळंब्याला टाकणार हाईत? फुलापायी अजून कोण जेलात गेलेलं मी तर ऐकलं न्हाय."

इलाहीभाई गणपतरावांकडे गेले तेव्हा त्यांच्या खिशात निगेटिव्ह होती, आणि काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं, असं मागाहून त्यांनीच नजीराबींना सांगितलं. गणपतरावांनी दारातच विचारलं, "मिळाली?"

"न्हाय सर."

गणपतरावांचा चेहरा उतरला, पण लगेच सावरला. त्यांनी टेबलावरचे टंकलेले कागद पुढं ओढले. "हरकत नाही," ते म्हणाले. "फोटो उत्तम आहे. लिहू की दुर्मिळ आहे, पुन्हा आढळली नाही. अशी कैक आहेत. हे बघा, नाव टाईप करूनही ठेवलंय."

इलाहीभाईंनी बघितलं. लॅटिन त्यांना आता वाचता येत होतं. पहिला शब्द खरपुडीच्या कुळाचा, आणि दुसरा त्यांचा. छान, ठळक. शेपूट लागल्यामुळे उलट जरा वजनदारच झाला होता. नुसतं गप्प बसायचं होतं. खोटंसुद्धा बोलायला लागणार नव्हतं. गणपतराव स्वतःच सगळं रचून बसले होते. चमनचा पोरगा तिथं बसल्या बसल्या इलाही होणार होता, आणि अप्पा पेंटर पाटीला पहिला हात मारून बसले होते.

त्यांनी चहा घेतला. पुन्हा तो शब्द वाचला. मग विचारलं, "सर, थोडा कापूस आहे का?"

कापूस आला. इलाहीभाईंनी खिशातनं टर्पेंटाईनची बाटली काढली. म्हणजे काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं, पण बाटली मात्र घेतली होती. त्यांनी निगेटिव्ह टेबलावर ठेवली, कापूस ओला केला आणि फुलाच्या अंगावरून एकदा, दोनदा हलक्या हातानं फिरवला. मग ती उचलून गणपतरावांच्या हातात दिली.

"खिडकीशी धरा."

गणपतरावांनी धरली. पुसलेल्या कंदिलावर एकेक ठिपका नीट दिसत होता. जसे पुस्तकात होते तसेच, जिथं होते तिथंच.

इलाहीभाई बोलले. "सवय झाली सर. चेहऱ्यावर काही दिसलं की हात आपोआप जातो."

"फक्त हिचेच काढले?" गणपतरावांनी फार सावकाश विचारलं.

इथं इलाहीभाईंना गप्प बसता आलं असतं. पण एकदा बाटली उघडलेली होती.

"पानांवरची किड्यांची भोकं बुजवलीत काही ठिकाणी," ते म्हणाले. "आणि देठाची लव."

"देठाची काय?"

"लव. केस असतात बारीक. बायकांच्या ओठावर असतात ना, तसले. चांगले दिसत न्हाईत फोटोत."

गणपतराव खुर्चीत मागं टेकले. देठाला केस आहेत की नाहीत यावर त्यांचं अर्धं शास्त्र उभं होतं, आणि तीन वर्षं हा गृहस्थ त्याची हजामत करत आला होता. तीन पावसाळ्यांचे फोटो, छापायला निघालेलं पुस्तक, कॉलेजात सगळ्यांना सांगून झालेलं नवं फूल. त्यांनी टंकलेला कागद उचलला, दुमडला आणि कुठं ठेवायचा ते न कळून पुन्हा टेबलावर ठेवला. इलाहीभाईंना वाटलं ते ओरडतील. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"चहा गार झाला तुमचा," गणपतराव म्हणाले. एवढंच.

त्यानंतर दिवाळीपर्यंत ते इलाहीभाईंशी बोलले नाहीत. दिवाळीनंतर बोलले, प्रेमानं वगैरे नाही, तर फुकट चिखलात उपडं पडायला तयार असलेला दुसरा माणूस सापडला नाही म्हणून. सगळ्या निगेटिव्ह टर्पेंटाईननं धुवायचं ठरलं. पेन्सिल निघाली, फोटो पुन्हा छापले गेले. किडे परतले, भोकं परतली, देठांना दाढ्या आल्या. ज्या थोड्या निगेटिव्हवर पेन्सिलीऐवजी पात्यानं खरवडलेलं होतं, ते धुऊन भरून येण्यासारखं नव्हतं, म्हणून त्या फुलांसाठी पुन्हा डोंगर चढावा लागला, आणि तोही इलाहीभाईंनीच चढला. पुस्तक दोन वर्षं उशिरा निघालं. त्यात खरपुडी आहे, ठिपक्यांसकट, आपल्या जुन्याच नावानं. अप्पा पेंटरांनी अर्धवट पाटी पुसून तिच्यावर दुसऱ्याच कुणाच्या पिठाच्या गिरणीचं नाव काढलं. चमन होते तिथंच राहिले.

राहिला त्या वर्षीचा सत्कार. हलगीवाले ठरलेले, कर्णा आलेला, फेटा रंगून वाळलेला. एवढ्यासाठी कार्यक्रम रद्द करायचा म्हणजे तालमीची अब्रू जायची. तेव्हा ज्या शालीवर इलाहीभाईंचा हक्क होता, ती शाल कृष्णातच्या म्हशीनं दुधाच्या शर्यतीत नंबर मारला म्हणून कृष्णातला पांघरली. म्हशीला हार घातला. तिनं तो खाल्ला. भाषणं झाली. गल्लीचं नाव जगात नाही, तरी पुढच्या चौकापर्यंत नक्की गेलं.

फोटो काढायला अर्थात इलाहीभाईच. शेवटी सगळ्यांचा एकत्र फोटो ठरला. आण्णा मध्ये, मिशीला पीळ देत. अप्पा पेंटर बाजूला, हातावरचा रंग पुसत. अंबूबाई पुढच्या रांगेत, पदर सारखा करत. नजीराबी मागे भिंतीशी. इलाहीभाई तिपाईवरचा कॅमेरा जुळवत होते आणि गल्लीला आता बोलायला निवांत वेळ मिळाला होता.

"काय वं फूलवाले," कृष्णात शालीतनं म्हणाला, "आमच्या म्हशीच्या फोटोत शिंगं ठेवणार न्हवं? का ती पण पुसणार?"

सगळे हसले. अप्पांनी पुढची भर घातली, की कॉलेजाला फसवणारा हा पहिलाच बिनशिकलेला माणूस. अंबूबाई म्हणाल्या, त्यांना पहिल्यापासनं शंका होती. आरसा आणि पावडर घेऊन जाणारा माणूस सरळ नसतोच.

आण्णांना तर मनापासून दुःख झालेलं होतं. हातचा मोठा सत्कार गेलेला माणूस म्हशीशेजारी उभा राहिला की त्याला तत्त्वं आठवतात. "इलाही," ते म्हणाले, "काय केलंस लेका हे? देवानं डाग दिलेत ते पुसायचे म्हणजे खोटंपणाच की. मुक्या फुलाला सुद्धा तू सोडलं न्हाईस. जगाला काय दाखवलंस, तर खोटा चेहरा. शोभतं व्हय हे?" आणि मग, फोटो निघायच्या बेतात आहे हे बघून, मान थोडी डावीकडं वळवत हळूच, "जरा ह्या बाजूनं घे. हिकडं गालावर खड्डे दिसतात, ते तेवढं बघ पुढं."

अंबूबाई म्हणाल्या, "माझं पण गालावरचं वांग जरा."

इलाहीभाईंनी कॅमेऱ्यावरनं मान वर केली. त्यांनी आण्णांकडे बघितलं, मग अंबूबाईंकडे, मग शालीतल्या कृष्णातकडे.

"फुलानं मला डाग काढ म्हणून कधी सांगितलं न्हवतं आण्णा, ती चूक माझी, आणि मी ती पुसली. तुमी सगळी तर सांगून काढून घेताय. आता हलू नका, आणि ज्याला आपला खरा चेहरा ठेवायचाय त्यानं तेवढा हात वर करा."